गुलाबाला स्थळ

नंदुरबार जिल्ह्यातली मी न पाहिलेली बाग अजून कुणी लावलेली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, हिशोबानं सांगतो. आणि हिशोब माझा मीच ठेवलेला असल्यामुळे तो चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

तीस वर्षं मी लाल बसचा कंडक्टर होतो. बाकीचे कंडक्टर तिकीट फाडताना माणसांकडे बघत, मी खिडकीतून कुंपणांकडे बघायचो. कुठल्या थांब्यावर कुणाच्या दारची बोगनवेल कधी फुलते, हे मला वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं. काठी गावच्या होळीला जादा गाड्या सुटायच्या तेव्हा सातपुड्यात पळस असा पेटलेला असायचा, की सुरतेला बरीच वर्षं गाडी हाकून आलेल्या आमच्या एका ड्रायव्हरनं वळणावर लाल सिग्नल समजून बस उभीच केली. हिरव्याची वाट बघत बसला बिचारा. शेवटी मी खाली उतरून त्याला सांगितलं, "बाबा, याला हिरवं व्हायला वैशाख उजाडेल, तू चल." ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी फाल्गुनात त्या घाटात जावं. बाग म्हणजे ती. फाटक नाही, माळी नाही, आणि एक डोंगर बघून होतो न होतो तोच दुसरा पुढे येऊन उभा.

निवृत्त झाल्यावर मी आणि माझी बायको दर वसंतात बागा बघत फिरू लागलो. तोरणमाळच्या तळ्याकाठी बसलो, पालिकांच्या बागांतल्या बाकांवर डबे खाल्ले, नवापूरकडच्या एका चर्चच्या आवारात पांढऱ्या बोगनवेलीखाली तासभर उभे राहिलो. ती बोगनवेल इतकी पांढरी होती की मला तिथे चष्मा काढून डोळे मिटावे लागले. खासगी बागांसाठी माझी एक रीत आहे. फाटकाशी उभं राहायचं आणि बस सुटताना जो आवाज लावायचा तोच लावून बागेची स्तुती करायची. दोन मिनिटांत मालक बाहेर येतो, पाचव्या मिनिटाला चहा येतो. मग मी बोलतो, आणि बायको झाडं बघते. तिची बघण्याची तऱ्हा वेगळी. फुलाकडे ती ढुंकून बघत नाही. पान उलटं करून त्याची मागची बाजू बघते, खोडाशी वाकते, आणि गप्प राहते.

आम्ही राहतो विसरवाडीला, हायवेपासून दोन गल्ल्या आत. दरवर्षी न चुकणारी आमची वारी म्हणजे म्हसावदची. तिथं मोठ्या शेतकरी घरातल्या एका मावशींची बाग आहे. पपईच्या मळ्यातून आत गेलं की विहीर, विहिरीमागे बाग. मावशींची सत्तरी उलटलेली, पण कंबर अशी ताठ की शेजारचा नारळ त्यांच्याकडे बघून सरळ वाढला असं गावात म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. त्या बागेत मोगरा आहे, कुंद आहे, अनंत आहे. पण माझी बायको दरवर्षी थेट एकाच झाडाशी जाऊन उभी राहायची. तो गावठी गुलाब. होळी ते पाडवा एवढाच फुलतो. फूल लहान, रंग फिका, पाकळ्या विस्कटलेल्या. पण वास असा की शहाद्याच्या स्टँडवर उतरल्यावर माझ्या शर्टाला तो आहे हे मला एका अनोळखी प्रवाशानं सांगितलं.

चार वसंत ती त्या झाडाशी उभी राहिली आणि चार वसंत गप्प परत आली. मागणं तिच्या स्वभावात नाही. या वर्षी मात्र परतताना तिनं पदर सावरता सावरता एक पाकळी उचलली आणि ब्लाउजात ठेवली, ते मी पाहिलं. मग माझ्यानं राहवेना.

"मावशी," मी म्हणालो, "याचं एक कलम द्या ना आमच्या घरी."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊ, हाई मन्ही पोर शे. माहेरथून मन्हासंगे येल शे. पोर देवानी तं आधी घर दखतस. दखतस का नही?"

मुलगी द्यायची तर आधी स्थळ बघायचं, हा त्यांचा नियम. कलम त्या विहिरीपलीकडे फांदी मातीत दाबून तयार ठेवतात, पण ज्याला द्यायचं त्याचं अंगण बघितल्याशिवाय देत नाहीत. एकदा न बघता एका बंगल्यात दिलं, ते वर्षभरात वाळलं. त्या बंगल्याशी मावशी अजून बोलत नाहीत. एका घराला एकदाच संधी. नाही म्हटलं की नाही, पुन्हा विचारायचं नाही.

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं. मी म्हणालो, "मावशी, खुशाल बघा! आमचं अंगण म्हणजे... एकशे साठ कुंड्या! जास्वंद तर अशी, की मधमाश्या गुजरातेतून हद्द ओलांडून येतात."

"बरं," मावशी म्हणाल्या. "रविवारले येसू मी."

परतीच्या बसमध्ये प्रकाशा गाव येईपर्यंत बायको खिडकीबाहेर बघत होती. तापीचा पूल लागला तेव्हा बोलली.

"एकशे साठ?"

"थोडं वाढवून सांगितलं."

"कुंडी एक बी नही शे आपलाकडे."

हे मात्र शब्दशः खरं. आमच्याकडे कुंडी नव्हती. झाडं होती. तेलाच्या डब्यात, गळक्या कुकरमध्ये, पत्र्याच्या ट्रंकेत, फाटक्या टायरात, आणि एक माझ्या जुन्या हेल्मेटात. आणि झाडं तरी कसली! विसरवाडीला हायवेच्या ढाब्यांवर नर्सरीचे ट्रक थांबतात. वाटेत मोडलेली, मान टाकलेली रोपं ड्रायव्हर तिथंच कडेला फेकतात, आणि माझी बायको सकाळी दूध आणायला जाते ती पिशवीत दुधाबरोबर एखादं लुळं रोप घेऊन येते. एका फांदीचा लिंबू, बुंध्यात चिरलेली जास्वंद, तिला माझ्या छत्रीच्या काडीचा आधार. पाहुणा आला की मी त्याची पाठ त्या बाजूला होईल अशी खुर्ची मांडायचो. मी अख्ख्या जिल्ह्याच्या बागा वाखाणल्या, पण खरं सांगायचं तर माझ्या दारच्या बागेची मला लाज वाटायची.

मुलीकडचे लोक येणार म्हटल्यावर मुलाचा बाप काय करतो? शेजाऱ्याचा सोफा आणतो. मीही तेच केलं. रविवारी सकाळी हातगाडी घेऊन गल्लीत फिरलो. पलीकडच्या निवृत्त नर्सबाईंनी पांढरा चुना लावलेल्या बारा कुंड्या दिल्या, कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकूंनी क्रोटन, पिठाच्या गिरणीवाल्या बाईंनी गुलाब. मी पाच फेऱ्या मारल्या. लोक सांगतात तीन, पण ते कुठं हातगाडी ओढत होते? दहा वाजेपर्यंत अंगण असं सजलं की मीच फाटकातून आत येताना घर चुकलो असं वाटलं.

"आणि तुझे डबे," मी बायकोला म्हणालो, "न्हाणीमागे नेऊन ठेवू. दोन तासांचा प्रश्न आहे."

एकेक डबा उचलून तिनं स्वतः मागे नेला. हेल्मेट नेताना मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या."

मावशी मुलाच्या जीपमधून उतरल्या. फाटकाशीच चपला काढल्या. पाणी नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या. सरळ पहिल्या कुंडीशी गेल्या, मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं, काढून वास घेतला.

"चहानी पत्ती," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "हो, आम्ही सगळं घरचंच घालतो!"

पुढची कुंडी. बोट. "अंडाना टरफलं." तिसरी. "राख." चौथीत पुन्हा चहा. मग त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊ, तुन्हा घरमा कितल्या बाया शेतस?"

"एकच, मावशी."

"मंग माटी तीन घरनी कशी?"

आता मी हरलेला माणूस नव्हे. भाडं न देता बसलेले प्रवासी मी बोलून बोलून खाली उतरवले आहेत. मी म्हणालो, आमचे प्रयोग चालू आहेत, चहाची ओळ, टरफलाची ओळ, राखेची ओळ. शेतकी कॉलेजची पोरं वह्या घेऊन येतात. परवा तर एक साहेब आला आणि... कुंपणापलीकडे नर्सबाई, शिंपीणकाकू आणि गिरणीवाल्या उभ्या होत्या, आपापल्या कुंड्या कशा दिसतात ते बघायला. त्या खुदुखुदू हसायला लागल्या. मी साहेबाला जपानला पोचवलं होतं, तेवढ्यात बायको पुढे आली.

"मावशी, हाई मन्हं नही शे," ती म्हणाली. "गल्लीना बायास्नं शे. मन्हा झाडं मांगे शेतस, न्हाणीजवळ."

तिचा आवाज कापत नव्हता, पण पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. तो गुलाब गेला हे तिला माझ्याआधी कळलं होतं. खोटं अंगण दाखवणाऱ्या घरात कुठली आई मुलगी देते?

मावशी तडक मागे गेल्या. आम्ही त्यांच्या मागे, आणि आमच्या मागे अख्खी गल्ली. न्हाणीच्या ओल्या भिंतीला टेकून डबे दाटीवाटीनं बसवलेले होते. मावशी वाकल्या. लिंबाचं पान त्यांनी उलटं करून बघितलं. मग जास्वंदीचं. कुणीतरी पानाची मागची बाजू बघतं आहे हे बायकोनं पाहिलं आणि तिची मूठ सैल झाली.

"हाई कोठेन आनं?"

"ट्रकवालास्नी फेकी दिन्हं व्हतं."

"आनि हाई?"

"हाई बी."

"हाई, टोपडामधलं?" मावशींनी हेल्मेटकडे बोट केलं. त्यातल्या कर्दळीला नवा कोंब फुटला होता.

"ते बी. सगळंच फेकेल शे, मावशी."

मावशी धुण्याच्या दगडावर बसल्या. चिरलेल्या जास्वंदीच्या बुंध्याला बायकोनं चिंधी बांधली होती. ती गाठ त्यांनी बोटानं चाचपली, सोडली नाही. नर्सबाईंच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता, आणि ते घड्याळ त्यांच्या घरात होतं.

"त्या बंगलामा संगमरवर व्हता," शेवटी त्या म्हणाल्या. "पन तठे मन्ही पोरनं पान कोनी उलटं करीसन दखं नही. आठे तं मोडेल बी जगस. मन्ही धडधाकट शे." बायकोच्या खांद्यावर हात ठेवून त्या उठल्या. "बुधवारले ये. लई जाय तिले."

मुलगी न्यायला असं बुधवारी बोलावून मग त्या माझ्याकडे वळल्या. "आनि कंडक्टर, तू खोटं बोल, तुले कोन अडावस? पन इना झाडं परत मांगे लपाडशी तं पोरले मी वापस लई जासू."

गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तीस वर्षं घंटी वाजवली, पण माझ्यासाठी कधी कुणी टाळी वाजवली नाही. ती तिच्यासाठी वाजली आणि छाती मात्र माझी फुगली. शर्टाचं वरचं बटण तुटलं. बटण दाखवायला तयार आहे. त्या दिवशी दुपारी डबे पुढच्या अंगणात आले, मी स्वतः आणले, हेल्मेटसकट. कुंड्या मी परत पोचवल्या. त्यांतल्या दोन कुणाच्या, यावर नर्सबाई आणि शिंपीणकाकू यांचं अजून एकमत नाही.

बुधवारी म्हसावदला गुलाब तयार होता. मावशींनी त्याच्या मातीच्या गोळ्याला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं आणि वर हिरव्या खणाचा तुकडा बांधला होता. बायकोच्या ओटीत नारळ आणि तांदूळ घातले. फाटकापर्यंत आल्या, पुढे आल्या नाहीत. वळून विहिरीकडे गेल्या, आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला की नाही हे मी सांगणार नाही. कारण ते मी खरंच पाहिलं नाही.

बसमध्ये बायको खिडकीशी बसली, रोप मांडीवर. एकुलती एक कळी खणातून वर डोकावत होती. शहाद्याला गर्दी चढली. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय वं बाई, काय लई चालनी?"

मी तोंड उघडलं. माझ्या डोक्यात एव्हाना हे झाड सातपुड्याच्या राजाच्या बागेतून निघून चार लढाया पार करून आलं होतं. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती स्वतः बोलली. जिनं चार वर्षं एका झाडापुढे तोंड उघडलं नव्हतं, ती भरल्या बसमध्ये मोठ्यानं म्हणाली, "म्हसावदना गुलाब शे. कोनले बी नही देतस. माले दिन्हा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मागच्या बाकावरच्या दोघी उठून बघायला आल्या. कुणीतरी विचारलं, तुम्हालाच का दिला? तर तिनं डब्यांचं, ट्रकचं, मोडक्या लिंबाचं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. मी शेजारी बसून ऐकलं. त्यात मला एक शब्दही वाढवावासा वाटला नाही.

प्रकाशाच्या पुलावर तापीवरून गरम वारा आत घुसला आणि कळी हलली.

"खिडकी लावा," ती म्हणाली. "तिले वारा लागी ऱ्हायना."

मी खिडकी ओढली. पुढच्याने त्याची ओढली, मागच्यानेही ओढली. फाल्गुनातलं भर दुपारचं ऊन, खच्चून भरलेली बस, आणि सगळ्या काचा बंद. नंदुरबार येईपर्यंत सत्तर माणसं घामानं निथळली, पण एकानंही खिडकी उघडली नाही.