‘काढलं’ एवढाच जबाब

वार बुधवार, पोळ्याचा आदला दिवस. ठिकाण झरी, तक्रारदार गुरुजींचं राहतं घर. हजर: मी, आमचे जमादार, सायबर कक्षातली एक महिला शिपाई, गुरुजी, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी आणि घरात राहणाऱ्या मावशी. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण जुन्या दिवसांचा विषय निघाला की मला आधी आठवतं ते हे घर.

गुरुजींच्या पत्नी वर्षापूर्वी वारल्या होत्या. आजारपणात त्या मोबाईलवर बोलून ठेवत. लोणच्याला मोहरी किती, मुलाचे लहानपणचे हट्ट, कधी नुसत्याच गप्पा. मुलगी कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिने घरच्या टीव्हीशेजारी एक डबा बसवला. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तीच रेकॉर्डिंग. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. तिला पुण्यातून आणि भावाला दुबईतून ती ऐकता येत. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, वर मोबाईलवर येणारा कोड. “रस्ता असा आहे साहेब, की तिसऱ्याला घर आहे हेसुद्धा दिसत नाही,” असं तिने मला समजावलं.

एके दिवशी रेकॉर्डिंग उघडेनात. भावाचं आणि तिचं आधीच वाजलं होतं. आईचा आवाज नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, असं त्याचं म्हणणं, हिचा नकार. त्यानेच रागाने पुसलं, असं तिने धरलं. डब्याबाहेर दुसरी प्रत कुठेच नव्हती. गुरुजी अर्ज घेऊन ठाण्यात आले. गेलेल्या मालाचं वर्णन विचारलं.

“लिहा,” ते म्हणाले, “आमच्या मंडळींचा आवाज.”

ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही.

घरी गेलो तेव्हा डब्यावरचा हिरवा दिवा चालू होता, म्हणून आतलं काही कोणी काढलं असेल अशी शंका कोणाला आली नव्हती. शिपाई मुलीने त्यातली नोंद वाचली. “साहेब, भावाने चार दिवसांपूर्वी दुबईतून उघडून ऐकलं. त्यानंतर बाहेरून कोणीच नाही. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास दोन्ही डिस्क गायब झाल्यात. एकीमागे एक. हे घरातूनच झालंय.” तिने डब्याचं झाकण उघडलं. आतले दोन्ही खण रिकामे.

तोवर जमादार समोरच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन आले होते. गिरणीवाला म्हणाला, सोमवारी परका माणूस गल्लीत आला नाही. फक्त मावशी पेचकस मागायला आल्या होत्या. “कशाला लागतोय, इचारलं तर म्हणल्या, तुझी जीभ टाईट करायला,” जमादारांनी सांगितलं. एरवी मी हसलो असतो.

मावशी म्हणजे गेलेल्या बाईंची धाकटी बहीण. थोरल्या बहिणीची सेवा करायला आल्या आणि तिथेच राहिल्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, “डब्यातलं तुम्ही काढलं?”

“काढलं.”

“का?”

तीनदा विचारलं, तीनदा पदर तोंडाला. मी जबाब लिहिला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला: “सदर दोन्ही डिस्क मी स्वतःच्या हाताने काढून टाकल्या.”

मुलगी मध्येच ओरडली. “टाकल्या? कुठं टाकल्या मावशी? कचऱ्यात?”

मावशी ताडकन उठल्या. “ओ सायेब! टाकल्या कवा म्हणलं म्या? काढलं म्हणलं. काढून ठिवलं! माज्या आक्काचा आवाज म्या टाकीन व्हय?”

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि आपली उशी घेऊन आल्या. अभ्र्यात, कापसाच्या वर, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या दोन्ही डिस्क. दोन दिवस त्या त्यावर डोकं ठेवून झोपत होत्या.

मग बोलल्या. “ही म्हणली, दुबईतून बी ऐकू येतंय, पुण्यातून बी. परवा पोरं भांडायलाली, समद्यांला पाठवू म्हणून. एका डावाला आक्का माज्याशी बोलताना मोबाईल चालूच राह्यला हाय. त्यात ती दुखण्याचं बोललीया, डागदर काय म्हणला ते. म्हणली, दाजींला कळू दिऊ नगं. म्या शपत घेतली हाय, सायेब.”

गुरुजी खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ आले. “मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “रिपोर्ट आधी मीच वाचला होता. मला काही माहीत नाही, या समजुतीत तिला बरं वाटायचं, म्हणून गप्प राहिलो.”

मावशी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. “मंजी तुमी दोघंबी…” एवढंच म्हणाल्या.

डिस्क खणात बसल्या, आवाज आला. मुलीने तिथूनच भावाला फोन लावून माफी मागितली. अर्ज दप्तरी दाखल केला आणि जबाब मी माझ्या हाताने फाडून नवा लिहिला. एका क्रियापदाने मी त्या बाईला गुन्हेगार करून ठेवलं होतं. तेव्हापासून साक्षीदाराचा शब्द साक्षीदाराचाच लिहायचा, त्याला आपलं शेपूट जोडायचं नाही, हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. आणि जबाब वाचून दाखवण्याचा नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्याइतका दयाळू नियम आमच्या खात्यात दुसरा नाही.

मुलीने तिसरी प्रत पुण्याला नेली. ते एक रेकॉर्डिंग वेगळं ठेवून त्याची किल्ली फक्त मावशींकडे दिली. गुरुजी म्हणाले होते, “ऐकेन, पण मावशी शेजारी बसल्या तर.”

ते रेकॉर्डिंग ऐकलं का, हे विचारायला गेल्या आठवड्यात फोन केला होता. मावशींनीच उचलला. “बसू की, सायेब. एवढी तूर घरात येऊ द्या.” मागच्या खेपेला विचारलं तेव्हा सोयाबीन होतं. ते ऐकायचं अजून राहिलं आहे.