दसऱ्याला तपासलेली गाडी

पेडल फळीला टेकलं आणि विनायकराव म्हणाले, "काकी, ब्रेक नाही."

राजूरच्या घाटातलं दुसरं वळण नुकतंच गेलं होतं. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. मी हॅन्डब्रेक ओढला. त्या उताराला तो पुरेना.

"गिअर खाली टाका! गाडी डोंगराले घासा!"

"रंग जाईन ना, काकी!"

खरंच असं म्हणाले ते. गाडीला नवा रंग होता.

बुलढाण्यात मलकापूर रस्त्याला माझं गॅरेज होतं. नवरा मिस्त्री होता. तो गेल्यावर पाने मी हातात घेतले. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिन कळायचं. गिऱ्हाईक गाडी सोडून समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचं. बाईच्या गॅरेजात बसलेलं कोणी पाहिलं तर? दिवसचे दिवस मी कोणाशी बोलत नसे.

विनायकराव तेवढे आत यायचे. दुसरबीडचे बागायतदार, पंचविशीतले. जीपचं काम चालू असलं की जुन्या टायरवर बसून माझ्या हातचा चहा प्यायचे.

दसऱ्याला सकाळी ते एका ठेकेदाराला घेऊन आले. ठेकेदाराची जुनी विलायती गाडी त्यांना घ्यायची होती. दोन सीटची, उघडी, पळण्यासाठीच बांधलेली. रात्रीच माझ्या दारात आणून उभी केली होती.

"काकी, पाहून द्या. आजच न्यायची हाय."

"उद्या या. आज अवजारं पूजेले बसली."

खंडेनवमीला आम्ही पाने-पक्कड धुऊन पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावत नाही.

"उद्या कायचा मुहूर्त? तुमच्या कानाले अन् नाकाले तं सुट्टी नाही ना?"

मी हसले. तिथंच कबूल झाल्यासारखं झालं.

आधी बॉनेटला हात लावला. थंड होतं, म्हणजे मालकाने सकाळी गुपचूप गरम करून ठेवली नव्हती; गरम इंजिन खोड लपवतं. मडगार्डवर बोटं वाजवली. एका जागी आवाज बद्द आला. तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. तसं सांगितलं. टायर चारही सारखे झिजलेले, म्हणजे चाकं सरळ. गाडी चालू करून लाकडी दांडा इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला. आतली ठोक अशी कळते. ठोक नव्हती. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. काजळी कोरडी. तेलकट असती तर इंजिन तेल खातंय असं समजायचं.

ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं कडक. मला बरं वाटलं.

ब्रेकचं तेल असतं तो डबा त्या गाडीत पायाखालच्या फळीखाली होता. फळीला चार स्क्रू. स्क्रूड्रायव्हर पाटावर. मी पाटाकडे पाहिलं.

"काऊन थांबल्या?" विनायकराव म्हणाले.

"तेल पाहाचं राह्यलं."

ठेकेदार म्हणाला, "महिना नाही झाला टाकून. बाई, सणाच्या दिवशी देवाचं अवजार उचलता का?"

मी उचललं नाही.

"चला, घाटात दम पाहू," विनायकराव म्हणाले. मी शेजारी बसले. आवाज ऐकायला मिस्त्रीने बसायचंच असतं.

ठेकेदाराने तेल टाकलं होतं हे खरं. त्या दिवसांत ब्रेकचं तेल लवकर मिळत नसे, म्हणून त्याने इंजिनचं टाकलं होतं. पोलिसांसमोर म्हणाला, "तेल ते तेलच ना, बाई?" नाही. ब्रेकमध्ये रबराचे वायसर असतात, तेच तेलाला दाबून धरतात. इंजिनच्या तेलाने ते फुगतात. तेव्हा पेडल कडक लागतं आणि अडाण्याला वाटतं ब्रेक झकास आहे. मग रबर मऊ पडतं आणि जोराने दाबलं की फाटतं. फळी उघडली असती तर वासावरून कळलं असतं. ब्रेकच्या तेलाला स्पिरिटसारखा उग्र वास असतो.

विनायकरावांनी गाडी डोंगराकडे वळवली, पण तोवर वेग वाढला होता. ती दगडावर चढली आणि उलटली. मी घाणेरीच्या झुडपात फेकली गेले. ते स्टिअरिंगखाली राहिले.

पुढे गिऱ्हाईक आलं, पण आत येऊन कोणी बसलं नाही. आता दसऱ्याला माझी सगळी अवजारं पाटावर जात नाहीत. एक पाना आणि स्क्रूड्रायव्हर खिळ्यालाच राहतो. लोक नावं ठेवतात. ठेवू द्या.

त्या गाडीत आम्ही दोघं होतो. मी एकटी वाचले.