अण्णांनी केलेलं आळं

मी देश सोडला त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, विमानतळावर आले नाहीत. उरुळी कांचनजवळ आमची नर्सरी आहे आणि नेमकी त्याच दिवशी पुण्यातल्या एका बिल्डरच्या स्कीमवर झाडं पोचवायची होती. आई माझ्या कॉलेजच्या वर्षांतच गेलेली, दादा नर्सरीत अडकलेला. तेव्हा मुंबईच्या गाडीपर्यंत मला अण्णांनी झाडांच्या टेम्पोतूनच सोडलं. मागे अरेका पाम आणि बकुळीच्या पिशव्या, पुढे ड्रायव्हर, अण्णा आणि मांडीवर बॅग घेऊन मी. टेम्पो उभा करायला जागा नव्हती, मागून हॉर्न वाजत होते. अण्णा म्हणाले, "थंडी लई असती म्हणं तिकडं. कानाला बांधत जा." एवढंच बोलून टेम्पो पुढे गेला. मला रडू आलं ते गाडीत बसल्यावर, शेजारची बाई शेणखताच्या वासाने नाक मुरडत सरकून बसली तेव्हा.

त्याला चौदा वर्षं झाली. मी आणि मंदार, माझा नवरा, आल्मेरे या डच शहरात राहतो आणि सकाळच्या ट्रेनने झुइडासच्या ऑफिसांच्या भागात कामावर जातो. आठ वर्षांचा ईशान मराठीतल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर देतो, मी पुढचा प्रश्न पुन्हा मराठीतच विचारते. आमचं बरं चाललंय. मागच्या महिन्यात गेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. ईशानच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. ती इथल्या दफनभूमीत आहे आणि त्या जागेची दहा वर्षांची मुदत आता संपतेय. वाढवायची असेल तर फॉर्म भरून पाठवा, नसेल तर जागा मोकळी केली जाईल, वरचं झाडही काढलं जाईल. पत्राची भाषा अतिशय सभ्य आहे.

मंदारचं म्हणणं, मुदत वाढवू नये आणि आपण पुण्याला परत जावं. त्याची आई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, आणि दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न असतो, यंदा येताय ना. त्यांचं चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण मुदत संपू द्यायची म्हणजे काय करायचं, हे मंदारने कधी मोठ्याने म्हणून पाहिलेलं नाही.

ती नऊ दिवस जगली. आपल्यात बारशाआधी नाव ठेवत नाहीत, पण इथे तीन दिवसांत जन्माची नोंद करावी लागते आणि नोंदीला नाव लागतं. मंदारने एकट्याने जाऊन इरा असं लिहून दिलं. हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेला वाटत होतं, हिंदू म्हणजे दहन. तिने तशी सगळी माहिती काढून ठेवली होती. एवढ्याशा बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. गावाकडे बांधाला, झाडाखाली ठेवतात आणि पुढे त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. कबर हा शब्द आमच्या घरात आजही कुणी वापरत नाही. आम्ही 'बाळाची जागा' म्हणतो.

व्हिसाचे सोपस्कार उरकून अण्णा जूनमध्ये आले. बाळ त्यांनी पाहिलं नव्हतं. दफनभूमीत लहान मुलांसाठी वेगळा भाग आहे आणि तिथे डोक्याशी एक बुटकं झाड लावायची परवानगी असते, हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा ताठ बसले. झाड हा त्यांचा प्रांत होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना झाडं निवडून दिली होती, बंगल्यांना, शाळांना, सोसायट्यांना. गिऱ्हाईक आलं की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत: ऊन किती येतं आणि पाण्याची सोय काय. त्यावर ते झाड सांगत आणि ते झाड जगे. थंडीचं त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे नर्सरीत शेकोटी पेटवून चहा प्यायचा, एवढीच.

इथे जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. अण्णा रोज संध्याकाळी बागेत खुर्ची टाकून ऊन कुठून कुठे जातं ते बघत. "आपल्यापेक्षा जास्त ऊन आहे की गं इथं," म्हणत. ऑगस्टच्या शेवटी आम्ही एका मोठ्या गार्डन सेंटरमध्ये गेलो. बर्च, मेपल, सफरचंद अशा रांगा ओलांडून अण्णा पार टोकाला गेले आणि एका कुंडीपाशी थांबले. लॅजरस्ट्रोमिया. जांभळट गुलाबी, चुण्या पडलेल्या फुलांनी भरलेली. "ही आपल्या ताम्हणाची धाकटी बहीण," ते म्हणाले. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, आणि आमच्या नर्सरीच्या फाटकाशी ते आहे. अण्णांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला होता.

कुंडीला एक लेबल होतं. त्यावर थर्मामीटरचं बारीक चित्र आणि उणे दहा असा आकडा. खाली बारीक अक्षरात, ओल साठणारी जमीन टाळा. मी वाचलं. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरामागचा कालवा गोठलेला आणि मुलं त्यावरून स्केटिंग करत गेलेली मी पाहिली होती. आल्मेरे म्हणजे मुळात समुद्राचा तळ. खाली चिकणमाती, कुठेही खणलं की पाणी. मला सगळं माहीत होतं. पण झाडातलं अण्णांना मी काय सांगणार, आणि त्या दिवशी तर नाहीच. मी लेबल काढून खिशात घातलं आणि पैसे द्यायला गेले.

झाड अण्णांनी एकट्याने लावलं. हेंक नावाचा तिथला माळी फावडं घेऊन मदतीला आला होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. चप्पल काढून बाजूला ठेवली, खड्डा घेतला, माती मोकळी केली, झाड बसवलं, आणि मग भोवती छान गोल आळं केलं. आळं करावं तर अण्णांनी. कडेचा वरंबा हाताने थापून गुळगुळीत, आतला भाग जमिनीपेक्षा चार बोटं खोल, म्हणजे घातलेलं पाणी थेंबभर बाहेर जाणार नाही. हेंक काहीतरी बोलायला पुढे झाला, हाताने वर उंचवटा केल्यासारखं दाखवू लागला. मला कळलं होतं तो काय सांगतोय ते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतोय?" मी म्हणाले, छान झालंय म्हणतोय.

अण्णा परत गेले. ऑक्टोबरपासून पाऊस लागला तो थांबेना. आळं तुडुंब भरून राहिलं. मी जायची, ओंजळीने पाणी उपसायची. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. वरंबा फोडला असता तर पाच मिनिटांत पाणी वाहून गेलं असतं. पण त्यावर अण्णांच्या बोटांचे ठसे होते आणि मला ते मोडवेना. जानेवारीत आठ दिवस कडक थंडी पडली. मी गेले तेव्हा आळ्याच्या आकाराची बर्फाची चकती तयार झाली होती, मधोमध खोड. मी बुटाच्या टाचेने ती फोडायचा प्रयत्न केला. नंतर तिथेच खाली बसून राहिले.

मे महिन्यापर्यंत वाट पाहिली. शेजारच्या सगळ्या झाडांना पालवी आली. हेंकने खिशातला चाकू काढून खोडाची साल जरा खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं, ते तपकिरी होतं. खाली मुळाशी खरवडलं, तिथेही तेच. त्याने चाकू मिटला आणि म्हणाला, तुमच्या वडिलांनी फार नीट काम केलं होतं. मला वाटतं, त्याला खरंच तसं म्हणायचं होतं.

दुसरं झाड निवडायला मला पाच महिने लागले. हेंक म्हणाला, उन्हाळ्याचा विचारच करू नका, जानेवारीत इथे उभं राहून काय टिकेल ते बघा, आणि लावायचं ते पानगळीनंतर, उंचवट्यावर. त्याने मला एकेक झाड दाखवलं. हॉर्नबीम चिवट, कुठल्याही मातीत येतं; पण त्याची वाळलेली पानं हिवाळाभर फांदीला तशीच लटकून राहतात, मला ते बघवलं नाही. हॉथॉर्न वाऱ्याला दाद देत नाही, पण काटेरी. बाळाच्या डोक्याशी काटे नकोत, इतकं तर मला अण्णांना न विचारताही माहीत होतं. बर्च फार उंच जातो. शेवटी क्रेंटेनबोम घेतलं. बुटकं झाड, चिकणमाती चालते, कितीही गोठलं तरी काही होत नाही. एप्रिलमध्ये आठवडाभर पांढरी फुलं, जूनमध्ये मण्यांएवढी काळपट फळं, ती पक्षी खाऊन टाकतात. मला ते फारसं आवडलंही नव्हतं. ते मरणार नाही एवढ्याचसाठी मी ते घेतलं.

अण्णांना मी काही सांगितलं नाही. फोनवर ते विचारत, "आळ्याला पाणी घालतीस ना?" मी घालते म्हणायची. फोटो पाठव म्हणाले की, जाणं झालं नाही म्हणायची. नर्सरीवाल्याला झाडाबद्दल चार वर्षं खोटं सांगत राहणं सोपं नाही, पण मी सांगत राहिले.

मग एका रविवारी त्यांनी नर्सरीतला एक तुकडा माझ्या नावावर करायचं काढलं. घर बांधा, म्हणाले, आता पुरे झालं. मी टाळाटाळ करू लागले तसे ते चिडले. "तिथं तुझं हाय तरी काय?"

मी म्हणाले, "माझी मुलगी आहे. आणि तिच्या डोक्याशी तुम्ही लावलेलं झाड पहिल्याच हिवाळ्यात मेलं, अण्णा. तुम्ही केलेल्या आळ्यात पाणी साठलं आणि त्याचा बर्फ झाला."

पलीकडे नर्सरीतला पाण्याचा पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "दुसरं लावलंस?"

"लावलं."

"थंडीत टिकतंय?"

"टिकतं."

"मग बरं झालं," असं म्हणून त्यांनी फोन दादाकडे दिला. त्यानंतर अण्णा माझ्याशी झाडांबद्दल कधीच बोलले नाहीत. ईशानची चौकशी करत, ऑफिसचं विचारत, पाऊसपाण्याचं विचारत. मी एकदा मुद्दाम म्हटलं, बागेत गुलाबाला कीड लागलीय, काय करू? ते म्हणाले, "तिथल्या माणसाला विचार. मला तिथलं कळत नाही." दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी पोचले तो तिसरा दिवस होता.

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. लेबलाचं मी त्यांना सांगितलं नाही. हेंक काय म्हणत होता तेही नाही. आपल्या हाताने नातीचं झाड मेलं असं समजून ते गेले, आणि त्यात माझा निम्मा वाटा होता, निम्म्याहून जास्त. फोन उचलून पाच वाक्यं बोलायची होती. उद्या बोलू, दिवाळीला बोलू, भेटल्यावर बोलू असं करत तीन वर्षं गेली. तुम्ही जे तिकडे राहिलात ते म्हणता, आम्ही गेलो आणि बदललो. आम्ही बदललो वगैरे काही नाही. सात हजार किलोमीटरवर असल्यासारखं वागायची सवय लागते, आणि मग जवळच्या माणसाशीही तेवढ्याच लांबून बोलणं होतं.

काल संध्याकाळी फॉर्म टेबलावर घेऊन बसले. मंदार समोर होता. तो म्हणाला, "दादाच्या जागेत तिच्या नावाने एक झाड लावू. तिथं काहीही जगतं. इथली मूठभर माती घेऊन जाऊ." त्याने हे खूप दिवस मनात घोळवलेलं असणार, फार सावकाश बोलला. मी विचार केला. खरंच केला. उरुळीला माझं बालपण आहे, अण्णांची खुर्ची आहे, ताम्हण आहे, आणि तिथे लावलेलं झाड मुदत संपली म्हणून कुणी फावडं घेऊन उकरणार नाही. इथे घरासारखं मला काही वाटत नाही, चौदा वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. पण त्या न आवडलेल्या झाडाखाली माझं मूल आहे, आणि तिथून उठून जायला माझे पाय तयार नाहीत. आता घर म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

"तू आणि ईशान जा," मी म्हणाले. "आईंना तुझी गरज आहे. मी राहते."

मी सही केली. खाली दुसऱ्या पालकाच्या सहीची जागा होती. मंदारने फॉर्म स्वतःकडे ओढला, बराच वेळ नुसता बघत बसला आणि मग सही केली. फोन घेऊन वर गेला, दार लोटून घेतलं. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

"आई, जेवलीस का?" तो म्हणाला. मग थोडा वेळ त्या बोलत असाव्यात. "नाही गं. यंदा नाही." पुन्हा त्यांचं काहीतरी. "नाही, पुढच्या वर्षीही नको धरूस. आई, ऐक ना. तू आता विचारत जाऊ नकोस."