आडी पुरे, म्हणाला रघू

माझ्या भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या खरेदीचं गिऱ्हाईक होतं. पितळी घंगाळाच्या भावावरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात रघूच्या शेजारणीचा फोन आला. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला तशीच लटकत होती, हाकांना ओ नव्हती. गिऱ्हाईक तसंच टाकून मी धावलो. दार फोडावं लागलं. रघू न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडला होता... डॉक्टर म्हणाले, पहाटे पडला असेल, पण लगेच गेला नसावा. ते वाक्य मला अजून गिळता येत नाही.

रघुनाथराव माझा शाळेपासूनचा मित्र, कुंभकोणमच्या बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. बायको गेलेली, मुलगी परदेशी. आमच्या मराठी गल्लीत आता अशीच घरं. "पोरं चेन्नईला गेली, अमेरिकेला गेली, इथे नुसते गुडघे उरलेत," तो म्हणायचा. "आणखी थोडी वर्षं जाऊ दे, सगळी गल्ली काठी टेकत चालेल. सोय आत्ता लावायला हवी." त्याची कल्पना साधी होती. समाजाचं लग्नाचं कार्यालय मुहूर्त नसले की कुलूपबंद असतं; ते दिवसा म्हाताऱ्यांसाठी उघडायचं. कॉफी, थोडा व्यायाम, रक्तदाब बघणं, दुपारचा रसमभात, गप्पा.

विश्वस्तांशी बोलायला त्याने मला नेलं. मी स्वामीमलै, पट्टीश्वरमच्या गल्ल्यांतून डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन विकत वर आलेला माणूस. भाव कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको. मुहूर्त सोडून वर्षभर, असं मी मागितलं. थोरले विश्वस्त व्यंकटअण्णा दचकले. "अय्यो, कोणी तिथेच डोळे मिटले तर? त्या मंडपात पुढे नवरी कोण उभी करेल?"

"अण्णा, तुम्हीही सत्तरी ओलांडलीत. दर लग्नाला पहिल्या पंगतीला असता. तुमची भीती नाही वाटत कोणाला?"

सगळे हसले, अण्णासुद्धा. माणूस हसला की भाव उतरतो. सहा महिन्यांवर ते आलेच असते... तेवढ्यात रघू उठला. "सरी अण्णा, ठीक आहे, आडी महिना द्या. तेवढा पुरे." जुलै-ऑगस्टच्या आडीत इकडे लग्नं होत नाहीत. म्हणजे त्यांनी दिलं काय, तर रिकामीच जागा!

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच ओरडलो, "सौदा माझ्यावर सोडला होतास ना? मधे तोंड का घातलंस?"

"उघडलेलं दार बंद करायला लाज वाटते रे माणसाला," तो म्हणाला.

आडीभर मी त्याच्याशी धड बोललो नाही, तरी रोज जायचो. तिथे कॉफी-जेवणाला दिलेली माझी भांडी कोणी आपटत तर नाही ना, ते बघायला. रघूचा एक नियम होता. कॉफीपर्यंत जो आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जायचंच. एकदा गल्लीतली कावेरीअक्का आली नाही. रघू गेला, तर ती स्वयंपाकघरात घसरून पडलेली. वेळेवर दवाखान्यात पोचली म्हणून वाचली. "इंजिन सकाळी सुरू होतंय का, एवढंच तर बघायचं," रघू म्हणाला.

आडी संपली आणि अण्णांनी किल्ल्या मागून घेतल्या. लाजबीज काही वाटली नाही. पुढच्याच आठवड्यात कार्यालयात लग्नाचं नादस्वरम वाजत होतं आणि रघू घरात एकटा पडून होता. कार्यालय उघडं असतं तर कॉफीच्या वेळी कोणीतरी त्याच्या दारात गेलं असतं. राग अण्णांवर आहेच. रघूवरही आहे. वर्षाचा सौदा त्याने महिन्यावर आणला आणि त्या महिन्यानंतर आठवडाभरात गेला.

शोकसभा त्याच कार्यालयात झाली. अण्णा म्हणाले, "रघूचा फोटो भिंतीला लावू."

"फोटो नको. दार उघडा."

"सरी, मार्गळी महिनाही देतो." त्या डिसेंबर-जानेवारीच्या महिन्यातही लग्नं नसतात. मी उठून निघालोच होतो. मागून कावेरीअक्का काठीवर रेलून म्हणाली, "घे रे नारायणा. तू वर्ष मिळवेपर्यंत आम्ही कुठले थांबतो!"

मी घेतला. जन्मात पहिल्यांदा पहिल्याच बोलीला 'सरी' म्हटलं.

मार्गळीला अजून अवकाश आहे. तोवर सकाळी शटर वर करण्याआधी मी गल्लीतली दारं वाजवत जातो. "आहे रे, आहे!" कोणी आतून खेकसतं. कावेरीअक्का तर शिवीच घालते, मग बरं वाटतं. मधेच रघूचं घर लागतं. तिथेही हात आपोआप उठतो... मग तो खाली घेतो आणि पुढच्या दाराकडे जातो.