पहिल्या रांगेतली खुर्ची

आमच्या सान एउसेबियो गावाचा वाढदिवस मिशनच्या चर्चसमोर होतो. स्पॅनिश पाद्री यायच्या आधी इथे म्हणे कुणीच नव्हतं. चर्चच्या विटा बहुतेक आपोआपच थापल्या गेल्या असतील!

पहिल्या रांगेत संस्थापक घराणी बसतात. माझी शेजारीण ब्रिहिदा इथल्या मूळ लोकांतली. चर्चची भिंत ढासळली की सत्तरीतही मातीच्या विटा तीच थापते. यंदा तिनं खुर्चीसाठी अर्ज केला. म्हणाली, "आई जन्मभर खुर्च्यांमागच्या दोरीपलीकडे उभी राहिली. मी बसणार."

वाढदिवस समितीच्या विलोबीबाईंनी अर्ज परत केला. "अहो, 'कुठून आलात' हा रकाना कोराच आहे!"

"आलोच नाही, तर काय लिहू?"

"मग पुरावा आणा."

ब्रिहिदानं पाद्र्यांचीच बाप्तिस्म्याची वही उघडली. पहिलंच नाव तिच्या खापरपणजीच्या पणजीचं. गाव वसलं त्याच महिन्यातला बाप्तिस्मा, वय वर्षं चाळीस.

विलोबीबाईंनी चष्मा दोनदा पुसला. "म्हणजे... गावाच्या आधीपासून?"

"चाळीस वर्षं, बाई. बोटं मोजून बघा."

खुर्ची द्यावी लागली. पण रकाना कोरा ठेवणं समितीच्या नियमात बसेना. शेवटी त्यांनी तिथे लिहिलं, "स्वागतासाठी आधीच हजर."

ब्रिहिदानं ते वाचलं, पोट धरून हसली आणि खुर्चीत ऐसपैस बसली.