तिसऱ्या तारेचा नववा पडदा

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी 'जाऊ दे ना, मन मोठं कर' असा सल्ला द्यायला नको. मन मोठं करून बघितलं. राग तरीही बाहेरच उरतो.

एकोणीस वर्षं मी बायकांच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवली. आठवडाभर दिंडोशीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, पोरांनी फोडलेल्या टेस्ट ट्यूब गोळा करायच्या, आणि शनिवार-रविवारी हळदी, डोहाळजेवणं, सोसायट्यांच्या पूजा. कार्यक्रमाच्या बोलावण्याला आमच्यात सुपारी म्हणतात. सुपारी आली की ताईचा फोन यायचा. ताई म्हणजे आमची गायिका आणि ग्रुपची मालकीण. तिच्याबरोबर ढोलकीवाली, ऑक्टोपॅडवाली, मी, आणि कीबोर्डवर माझी मैत्रीण. अशा आम्ही पाच जणी.

मैत्रीण आणि मी ग्रुपमध्ये एकाच दिवशी आलो होतो. ती घाटकोपरची, माहेर मालवणचं, कानाने माझ्याहून कितीतरी पक्की. स्टेजवर मी तिच्या डाव्या हाताला उभी असायची. गाणं कुठे वळणार, कुठे थांबणार, ते ती हनुवटी हलवून सांगायची आणि मी त्या हनुवटीकडे बघून वाजवायची. माझ्या पोराच्या ॲडमिशनच्या रांगेत माझ्याबरोबर तीच उभी होती. तिच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी तिच्याकडे रोज संध्याकाळी जाऊन बसायची. इतकं सांगितलं की पुरे.

गेल्या वर्षी, बोरिवलीच्या एका पूजेनंतर सामान आवरताना ताई म्हणाली, "हल्ली स्टेज लहान झालीत गं. लोकांना चार जणी पुरतात. पुढच्या सीझनला मला एक कमी करावी लागेल." मग माझ्याकडे वळली. "तुझ्या गिटारचं काहीतरी कर ना. कोळीगीताला पातळ वाजते, रॉक मागितलं की नुसती कचकच, आणि हळू गाण्यात सारखं ते हूंऽऽ."

ते हूंऽऽ खरं होतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. वरची तार थरथरली की ते पिकअप तो सूर उचलून ॲम्पकडे पाठवतात. माझे एकेरी गुंडाळीचे होते. ते सुराबरोबर आजूबाजूच्या ट्यूबलाइटची, पंख्याच्या रेग्युलेटरची, मंडपातल्या लायटिंगची गुणगुणही उचलायचे. मला त्या आवाजाची सवय झाली होती, आवडच म्हणा ना. पण एकाच संध्याकाळी लावणी, कव्वाली, कोळीगीत, जुनी हिंदी गाणी आणि नवरदेवाच्या मित्रांची रॉकची फर्माईश, हे सगळं त्यांना झेपत नव्हतं हे मलाही कळत होतं. मला वाटलं, पिकअप बदलले की माझी जागा राहील. परतताना मैत्रिणीला तसं म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बदल ना. मी आहे ना यार."

अंधेरीला एका गाळ्यात गिटार दुरुस्त करणारे एक काका आहेत. माझ्या गिटारला पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. माझी अडचण ऐकून त्यांनी माळ्यावरून तीन पांढऱ्या पाट्या काढल्या. प्रत्येक पाटीवर पिकअपचा एकेक सेट आधीच जोडलेला होता. गिटारची पुढची पाटी उघडायची, दुसरी बसवायची, दोन वायरींना डाग द्यायचा, झालं. "दर आठवड्याला एक घेऊन जा," काका म्हणाले. "दुकानात सगळेच गोड वाजतात. घरी नेऊन वाजव." गिटार हातात घेतल्यावर त्यांनी गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवरून, म्हणजे पडद्यांवरून, बोट फिरवलं आणि म्हणाले, "तिसऱ्या तारेचा नववा पडदा झिजलाय गं. झर्र करतो. पुढचे घासून सारखे करून देऊ?" मी म्हटलं, आधी पिकअप होऊ देत, मग बघू. नवव्या पडद्याचं मला माहीत होतं. तिथे बोट जरा तिरकं ठेवलं की ते झाकता यायचं.

तीन रविवार मी गिटार पाठीला लावून मेट्रोने घाटकोपरला गेले. उन्हाळा होता. मैत्रीण गिटारची वायर तिच्या लॅपटॉपला जोडायची, पंखा बंद करायची, ट्यूबलाइट बंद करायची, फ्रिजचाही प्लग काढायची. आम्ही दोघी घामाने निथळत बसायचो. मी एक लावणी, एक कोळीगीत, एक कव्वालीचा ठेका, एक रॉकचा तुकडा वाजवायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. मग पंखा लागायचा, तांदळाचे घावणे यायचे, सोबत ओल्या नारळाची चटणी. "खा गो," ती म्हणायची. लाडात आली की ती मालवणीत शिरायची.

पहिला सेट माझ्या जुन्याच जातीचा होता, एकेरी गुंडाळीचा, पण नीट बनवलेला. गुणगुण होती, पण लावणीत बोलल्यासारखा वाजायचा आणि रॉकला आवाज जरा चढवला की चिडायचा, माझ्यासारखा. दुसरा सेट दुहेरी गुंडाळीचा, जाडजूड. रॉकला झकास, लावणीत मात्र अगदी मठ्ठ. तिसऱ्यात दोन गुंडाळ्या एकीवर एक बसवलेल्या होत्या, त्यामुळे गुणगुण शून्य. सगळं स्वच्छ, सगळं ठीकठाक, कशालाच नाव ठेवण्यासारखं नाही.

मला पहिला हवा होता. मी तसं म्हटलंही. तिने तिन्ही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवली. "हे बघ, तुला मजा येतेय ते तुझ्या हाताला. ऐकणाऱ्याला फक्त हूंऽऽ ऐकू येतं. ताईला काय पाहिजे? क्लीन. तिसरा घे." मी म्हटलं, "पण त्यात मी दिसत नाही गं." ती हसली. "तू कशाला दिसायला पाहिजेस? गाणं दिसू दे." हे वाक्य तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं, याचा मला आजही संताप येतो.

तिसरा सेट कायमचा बसवताना काकांनी विचारलं, "तुला पहिला आवडला होता ना?" मी म्हटलं, मैत्रिणीचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यांनी पहिली पाटी पुन्हा माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "एखाद्या तारेचा आवाज कमी-जास्त वाटला तर सांग, पिकअपची उंची बदलून देतो."

ही गोष्ट मी तिला सांगितली आणि तिने लगेच पकडली. "मग नीटच तपासू. एकेक सूर रेकॉर्ड करू, स्क्रीनवर कळेल कुठली तार कमी येतेय." चौथ्या रविवारी मी सकाळपासून दुपारपर्यंत तिच्या खोलीत बसून प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा वाजवला. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. जोरात वाजवताना तिसऱ्या तारेचा नववा पडदा झाकता आला नाही, तेवढं तसंच गेलं. सूर पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही. मग तळहात टेकवून दाबलेले सूर, मग कॉर्ड, मग घसरत नेलेले सूर. पंखा बंदच होता. मी म्हटलं, "अगं, हा सेट गुणगुणत नाही ना? मग लाव की पंखा." "राहू दे गं. खात्री." मध्ये तिने माझ्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदराने पुसला, कारण मी हलले असते तर सूर बिघडला असता. माझ्यासाठी कुणी इतकं करेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

आता कुणीही म्हणेल, तुला कळलं कसं नाही? मला कळायला हवं होतं. कीबोर्डमध्ये कुठल्याही वाद्याचा आवाज एकेक सूर करून भरता येतो. आमच्या धंद्यात त्याला टोन म्हणतात. सहा वर्षांपूर्वी आमच्याबरोबर एक सनईवाले आजोबा यायचे. तिने त्यांची सनई अशीच भरून घेतली होती, आणि तिच्या कीबोर्डमधून पहिल्यांदा सनई वाजली तेव्हा टाळ्या मी वाजवल्या होत्या. त्यानंतर आजोबा का यायचे बंद झाले हे मी विचारलं नाही. गाडीत जागा झाली, एवढंच लक्षात आलं.

पावसाळा संपला, लग्नं सुरू झाली. ताईचे फोन कमी झाले. "या वेळी चौघीच जातोय गं, स्टेज छोटं आहे." मला वाटलं, पाळी पाळीने एकेकीला घरी ठेवत असेल. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "मलापण मागच्या वेळी नाही बोलावलं." मी तिचीच समजूत काढली.

मग मुलुंडला शाळेतल्या एका बाईंच्या मुलीची हळद होती, भर दुपारी, हॉलमध्ये. मी पाहुणी म्हणून गेले. जिन्यातच कोळीगीत ऐकू आलं आणि त्यात गिटार. मला वाटलं, कुणीतरी चांगली वाजवतेय, अगदी माझ्यासारखा सूर सोडते शेवटी. आत गेले. स्टेजवर ताई होती, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर ती. गिटार घेऊन कुणीच नव्हतं. डाव्या हाताची माझी जागा रिकामीसुद्धा नव्हती, तिथे स्पीकर ठेवला होता. तेवढ्यात गाणं वरच्या ओळीवर गेलं आणि तिच्या बोटाखालून तो सूर आला. झर्र. तिसरी तार, नववा पडदा. पुढच्या कडव्यात पुन्हा तिथेच, तसाच, झर्र.

बायका नाचत होत्या. माझ्या गालाला कुणीतरी हळद लावली. मी तशीच उभी राहून स्वतःला ऐकत होते.

जेवणाच्या वेळी मी तिला गाठलं. तिच्या हातात ताट होतं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान घाबरेल. ती म्हणाली, "तू येणार होतीस तर सांगायचं ना."

"कधी ठरवलंस?" मी विचारलं.

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"कधी ठरवलंस?"

तिने ताट खाली ठेवलं. "बोरिवलीच्या पूजेच्या आधी. ताईने मला सरळ सांगितलं होतं, गिटार नाहीतर कीबोर्ड. मी म्हटलं, गिटार मी कीबोर्डवर वाजवेन. काय चुकलं? तुला शाळा आहे, पेन्शन आहे. मला काय आहे?"

"मग मला सांगायचं होतंस."

"तू दिलं असतंस?"

कदाचित दिलं असतं. भांडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग दिलं असतं. ते तिने मला करूच दिलं नाही. जागा गेली याचं दुःख आहेच, पण मला जास्त झोंबतं ते वेगळंच. बोरिवलीहून परतताना 'मी आहे ना यार' म्हणाली, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. चारही रविवारचे घावणे, तो घाम पुसणं, सगळं ठाऊक असताना. माझा सेटही तिने तिच्या कामासाठी निवडला, गुणगुण नको म्हणून. माझ्याच गिटारवर माझी पसंती नव्हती.

"आणि हे बघ," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तशी तूच तर वाजतेयस ना अजून?"

मी न जेवता निघाले. गालाची हळद घरी येऊन धुतली.

पुढच्या आठवड्यात काकांकडे गेले. म्हटलं, पहिली पाटी असेल अजून तर बसवा. त्यांनी कारण विचारलं नाही. माळ्यावरून पाटी काढली, धूळ फुंकली. काम झाल्यावर म्हणाले, "नवव्या पडद्याचं आता तरी करू का?" मी हो म्हटलं. पाच मिनिटं लागली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या समोर बसून त्यांनी गिटार वाजवून दाखवली, तिसऱ्या तारेवर, वरपर्यंत. कुठेच काही अडलं नाही.

चार महिने तिचा काही पत्ता नव्हता. गेल्या रविवारी सकाळी मेसेज आला. मी तो दोनदा वाचला.

"बोलायचं नसेल तर नको बोलू. पण एक काम होतं. तो एक सूर खराब आलाय, तिसऱ्या तारेचा. प्रत्येक गाण्यात लागतो, ताई कटकट करते. तेवढा एकच परत वाजवून देशील? पाच मिनिटं. ये गो. घावणे करते. पंखा बंद करून ठेवते."

मी उत्तर लिहिलं नाही. पंखा लावला. रेग्युलेटर तीनवर आणला, कारण मध्यावर ठेवला की गिटार सगळ्यात जास्त गुणगुणते. ट्यूबलाइटही लावली. मग गिटार ॲम्पला जोडून तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावर बोट ठेवलं, सरळ, न झाकता, आणि तो सूर, आता झर्र न करता पण हूंऽऽसकट, विरेपर्यंत वाजू दिला.