बाईंची पळती

वैशालीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. "मंजिरीताई, बाई गेल्या. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच..." वैशाली ही बाईंची जुनी खेळाडू, आता बँकेत असते. मी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. खरं तर रडू यायला हवं होतं. पण मला आठवला तो बाईंच्या घरातला एक रविवार.

प्रमिलाबाई कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारात राहायच्या. महापालिकेच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका, आणि संध्याकाळी मैदानावर मुलींना खो-खो शिकवायच्या. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, त्यामुळे सोसायटीत कोणाचाही कॉम्प्युटर अडला की मला बोलावणं येतं. बाई बेल वाजवून एवढंच विचारत, "तुझं शिक्षण आज कामाला येणार आहे का?"

नव्वदच्या दशकात बाहेरच्या वस्तू दुकानांतून उघडपणे मिळू लागल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, मुलाच्या म्हणजे मिलिंदच्या वाढदिवसासाठी हँडीकॅम घेतला. वाढदिवस एकच टिपला गेला. नंतर तो कॅमेरा बाईंनी मैदानावर नेला तो कायमचाच. सामना झाला की रविवारी सगळ्या मुली बाईंच्या हॉलमध्ये, बुद्धमूर्तीच्या समोरच्या भिंतीला टेकून बसायच्या. टीव्हीवर सामना लागायचा. "मी बाद नव्हते" म्हणणारी मुलगी स्वतःला बाद होताना बघायची आणि गप्प व्हायची. तिथल्या कितीतरी मुली पुढे पोलिसात, शाळांत, आयटीत गेल्या.

टेपा खराब होतील या धास्तीने बाईंनी त्या नारायण पेठेतल्या एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या. मग सीडी खराब होतील म्हणून कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटर बिघडेल म्हणून हार्ड डिस्कवर, आणि ती पडेल म्हणून दुसरीवर. प्रत्येक वेळी सगळं पुन्हा, नवीन नावाने. 'मॅच', 'मॅच नवीन', 'मॅच फायनल', 'मॅच फायनल पक्की'. जुन्या मुलींनी मेळावा घ्यायचं ठरवलं आणि त्यात सामने दाखवायचे म्हटल्यावर बाई माझ्याकडे आल्या. "माझ्याकडे सगळं आहे. पण सगळं चार-चार वेळा आहे."

मी एक सॉफ्टवेअर टाकलं. ते नावं बघत नाही, प्रत्येक व्हिडिओतली मधली मधली चित्रं काढून एकमेकांशी ताडून बघतं, असं त्यांना सांगितलं.

"म्हणजे पंच आहे."

"फक्त शिट्टी वाजवतं, बाई. निकाल आपण द्यायचा."

"मग ठीक. पंचांवर माझा विश्वास नाही."

शनिवारभर ते चाललं. गुडघ्यांमुळे बाईंना तेव्हा फार उभं राहवत नसे, पण त्या दिवशी त्या खुर्ची ओढून पडद्यापुढे जी बसल्या, त्या जेवायलाही तिथेच. रविवारी सकाळी जोड्या समोर आल्या. डावीकडे एक व्हिडिओ, उजवीकडे त्याचा जुळा. बाई बघायच्या आणि बोट दाखवायच्या. "ही बाद." मी काढून टाकायचे. डिस्क भराभर मोकळी होत होती आणि आम्हा दोघींना त्याची चटकच लागली. मधेच एखाद्या रिबिनी बांधलेल्या मुलीवर त्यांचं बोट थांबायचं. "ही बघ, ही आता दोन मुलांची आई आहे. खो मिळाला तरी उशिरा उठायची, अजून उशिराच उठते."

मग एक जोडी आली. डावीकडची दुकानवाल्याने केलेली, सुरुवातीला फुलांच्या नक्षीत नाव, चित्र स्वच्छ. उजवीकडे तोच सामना, पण मळकट आणि बराच लांब. मी उजवीकडच्यावर काट मारायला गेले.

"थांब. ही लांब का आहे?"

"शेवटी कॅमेरा बंद करायचा राहिला असेल."

"मी कॅमेरा बंद करायला विसरत नाही."

मी व्हिडिओ पुढे नेला. सामना संपला, बक्षीस झालं. दुकानातली प्रत इथेच संपत होती, आणि रविवारी बाई टीव्हीही इथेच बंद करायच्या. ह्यात मात्र पुढे चित्र हललं, कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला, आणि मुलींचा गलका ऐकू आला. "बाई, आता तुम्ही पळून दाखवा."

इथे एक सांगायला हवं. बाई लग्नाआधी खेळायच्या. "मी पळायचे तेव्हा..." असं त्यांचं बोलणं सुरू झालं की मिलिंद हसून म्हणायचा, "पुरावा?" पुरावा नव्हताच. माहेरी कॅमेरा कोणाकडे असणार? लग्नानंतर खेळ सुटला. आणि पुढे आयुष्यभर कॅमेरा त्यांच्याच हातात, त्यामुळे त्या व्हिडिओंमध्ये सगळ्या होत्या, बाई कुठेच नव्हत्या.

आता पडद्यावर चाळिशीतल्या बाई पदर खोचत मैदानात उतरल्या. नुकतीच जिंकलेली अख्खी टीम त्यांच्या मागे. बाई बसलेल्या मुलींमधून नागमोडी निघाल्या, हुलकावणी दिली, खांबापाशी गर्रकन वळल्या, एक मुलगी सूर मारून पडली आणि तिच्या हाती फक्त धूळ आली. "अगं, साडी सांभाळ," कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला. मग थोड्याच वेळात, "पळ प्रमिला, पळ." चित्र वरखाली व्हायला लागलं. काका कॅमेरा धरूनच उड्या मारत होते.

काकांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मी बाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून म्हणाल्या, "वळताना उशीर केला. मी मुलींना ओरडले असते." तिसऱ्यांदा त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. डोळे मिटून नुसतं ऐकत होत्या...

ही एकच प्रत मिलिंदने कॉलेजात असताना टेपवरून स्वतः उतरवली होती, आणि त्यानेही ती शेवटपर्यंत पाहिली नव्हती. बाईंनी त्याला फोन लावला. "मिलिंद, पुरावा मिळाला." फोन ठेवून मला म्हणाल्या, "आता ह्याच्या चार प्रती कर."

मेळावा सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये झाला. पडद्यावर बाईंची पळती सुरू झाली तशा संसारी, चष्मे लागलेल्या बायका खुर्च्यांवरून उठून शिट्ट्या मारायला लागल्या. बाई पहिल्या रांगेत ताठ बसून होत्या, पण त्यांचे पाय खुर्चीखाली हलत होते. मी बघितले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्या गेल्या.

बाईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावरच्या रविवारी मिलिंदने हॉलचं दार उघडं ठेवलं आणि मैदानावरच्या आत्ताच्या मुलींना बोलावलं. ह्या मुलींनी खुर्चीत बसून शिकवणाऱ्या बाईच पाहिलेल्या. मिलिंदने त्यांना बाईंची पळती शेवटपर्यंत दाखवली. मग त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी उठली. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या तिने एकामागे एक मांडल्या आणि बाईंसारखी त्यांच्यामधून पळायला लागली. ते वळण तिला जमत नव्हतं. पाय अडखळत होता. मिलिंदने सोफा भिंतीला सरकवला आणि तिला म्हणाला, "आता जागा आहे. घे पुन्हा."